जाकिटाच्या पुढे कुणी जायचं नाही

ओबरमाड, ३ डिसेंबर

ओटिली,

माझं अक्षर बघून तू पाकीट न फोडता चुलीत घालशील, म्हणून वरचा पत्ता पोस्टातल्या बाईकडून लिहून घेतला. बावीस वर्षांनी लिहितेय. आईच्या मातीला आलीस तेव्हा आपण शेवटचं बोललो, तेही शवपेटीवर कुठली फुलं ठेवायची यावरून भांडलो.

गेबहार्ट गेल्याचं तुला पाद्रीबुवांकरवी कळवलं होतं. तुझं कार्ड मिळालं. छापील मजकूर आणि खाली नुसती सही. ठीक आहे, तुझ्या जागी मीही तेवढंच केलं असतं.

गळा काढायला हे पत्र लिहीत नाहीये. काम आहे. मला स्की शिकायचंय, दोन महिन्यांच्या आत. कोणती शिकवणी घेऊ ते सांग. तू तिकडे स्वित्झर्लंडमध्ये जन्मभर हेच शिकवलंस, तेव्हा तुला ठाऊक असणार.

हस, हवं तेवढं हसून घे. त्रेसष्ट वर्षांची बाई, डोंगराच्या पायथ्याशी जन्मली, नवरा चाळीस हिवाळे स्की-मास्तर, आणि हिला स्कीवर उभंही राहता येत नाही. ही गोष्ट जगात दोघांना माहीत होती. त्यातला गेबहार्ट नोव्हेंबरात गेला, उरलीस तू. नाहीतर तुझ्या दारात मी कशाला आले असते?

कारण सांगते. आपल्याकडची रीत विसरली नसशील. मास्तर गेला की त्या हिवाळ्यात मेणबत्त्यांच्या सणाला, दोन फेब्रुवारीला, त्याचं लाल जाकीट घरातलं माणूस अंगात घालतं आणि रोपवेच्या वरच्या स्थानकापासून चर्चपर्यंत स्कीवरून खाली आणतं. मागून अख्खी स्की-शाळा येते. जाकिटाच्या पुढे कुणी जायचं नाही. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणजे जाकीट माझ्या अंगावर. म्हाताऱ्या अफ्राने चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवऱ्याचं जाकीट असं खाली आणलं होतं की मागच्या पोरांना धाप लागली. गाव अजून तेच सांगत बसतं.

तू म्हणशील, इतकी वर्षं लपवलंस कसं? अगं, लपवावं लागलंच नाही. कुणी विचारलं, "काय बुर्गल, येत नाहीस वर?" की मी म्हणायची, "बावीस पाहुण्यांचं रांधायचंय, तुझी बायको येते का माझ्या चुलीपाशी?" लोक हसायचे आणि जायचे. सकाळी न्याहारी, मग अकरा खोल्या, मग सूप, मग मांस, मग भांडी. डिसेंबर ते एप्रिल मी आकाश पाहायचे ते कपडे वाळत घालताना. आपल्याकडे पाळण्यातलं पोरही स्की करतं असं सगळे धरून चालतात, त्यामुळे कुणाच्या मनातही येत नाही.

आणि लहानपणी का नाही शिकले, ते तुला मी सांगायला नको. बाबांनी स्कीची एकच जोडी केली. तू हलकी म्हणून ती तुला. मी थोरली म्हणून मला गोठा.

आमच्या गावातल्या शाळेत जाऊन "नवशिक्यांच्यात नाव घाला" म्हणणं शक्य नाही. बाकी मी काय निवडू ते सांग. पत्रकं आणलीत. एकात बाराजणांचा गट, पाच दिवस, शुक्रवारी शर्यत आणि सगळ्यांना पदक. एकात खाजगी मास्तर. एकात "तीन दिवसांत नक्की" म्हणून छापलंय. चाळीस वर्षं हे लोक संध्याकाळी माझ्याच टेबलांवर जेवले, त्यामुळे निकाल मला पाठ आहेत. गटात शिकलेले लंगडत येतात पण हसत असतात. खाजगीवाले गप्प येतात आणि वाइन मागवतात. नवऱ्याकडून शिकायला गेलेल्या बायका वेगळ्या टेबलावर बसतात.

चार ओळी लिहिल्यास तरी चालतील.

वाल्बुर्गा


ओबरमाड, १९ डिसेंबर

ओटिली,

चार ओळी लिही म्हटलं तर मोजून चारच लिहिल्यास. तुझा स्वभाव गेला नाही. "खाजगी घे. दुसऱ्या खोऱ्यात जा. बूट स्वतःचे घे. शिकवणारा पुरुष नको." 'ताई' नाही, 'कशी आहेस' नाही.

दुसऱ्या खोऱ्याचं पटलं. लाउटरबाखला बसने पाऊण तास लागतो. या हिवाळ्यात मी पाहुणे घेतले नाहीत, तेव्हा वेळच वेळ आहे. गावात सांगितलंय, पाठीच्या दुखण्यावर शेक घ्यायला जाते.

पण खाजगी मात्र घेतली नाही, गट घेतला. तू सांगितलंस म्हणूनच नाही घेतली, खोटं कशाला बोलू? आणि मला वाटलं, तासभर एकच माणूस आपल्याकडे टक लावून बघणार, त्यापेक्षा बाराजणांत लपता येईल.

सोमवारी सकाळी दहाला निवड होती. मास्तर ओरडला, "जे आजवर कधीच स्कीवर उभे राहिले नाहीत, ते डावीकडे." आणि मी गेले डावीकडे. आपल्याच डोंगरांत, आपल्याच बर्फावर. शेजारी हॅम्बुर्गचा एक दातांचा डॉक्टर, दोन हंगेरियन बहिणी, आणि पलीकडे चार वर्षांची पोरं सरकत्या पट्ट्यावर. नाव विचारलं तर मी आपलं माहेरचं आडनाव सांगितलं. गाव विचारलं तर म्हटलं लिंझ.

पंधरा मिनिटं बरी गेली. मग एक जाड बाई टोपी वर करून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "अहो, तुम्ही ओबरमाडच्या बुर्गलबाई ना? रश्श्यातल्या पावाच्या गोळ्यांच्या? आम्ही ब्रेमेनचे, सहा वर्षं यायचो तुमच्याकडे." आणि मोठ्यांदा सगळ्यांना सांगायला लागली, "हिचे गोळे खाल्ले नाहीत तर जगून उपयोग नाही." मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणाली, "पण तुम्ही इकडे, या बाजूला कशा?"

मी म्हटलं, "बहिणीच्या नातवाला सोडायला आले होते." तुला नातू आहे की नाही, देव जाणे. स्की काढल्या, काखेत मारल्या आणि सरळ चालायला लागले. बूट इतके जड की धड पळताही येईना. बसथांब्यावर चाळीस मिनिटं ते बूट घालून उभी होते, रडत होते. थंडीनं डोळ्यांना पाणी आलं असं मला लिहिता आलं असतं.

आता खाजगी घेते. झालं तुझं समाधान?

वाल्बुर्गा


ओबरमाड, १३ जानेवारी

ओटिली,

आज मला कुणाशी तरी बोलायचंच आहे, आणि तुझ्याखेरीज कुणी नाही. यावरून काय ते समज.

आधी चांगलं सांगते. मला शिकवणारी पोरगी डच आहे, नाव फेम्के, वय बावीस. जिच्या देशात चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, ती मला आपल्या डोंगरावर उभं राहायला शिकवते. पहिल्या दिवशी मला त्या पोरीचा इतका राग आला होता की मी तिच्या "शाब्बास"ला उत्तरच दिलं नाही. स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, याला सगळे नांगर म्हणतात. तास-दीड तास नुसता नांगर. पडले की ती उठवत नाही, थांबते. "तुमचं तुम्हीच उठा," म्हणते. हे मला आवडलं.

तिसऱ्या दिवशी तिने मला तिरकं उतारावर उभं केलं आणि मागे सरून बघत राहिली. म्हणाली, "आजी, वजन खालच्या पायावर आणि स्कीची कड उताराच्या आत, हे लोकांना मी आठवडाभर सांगते तरी जमत नाही. तुम्ही हे कुठे शिकलात?"

मी म्हटलं, "गवत कापताना."

तिला वाटलं चेष्टा करतेय. तिला काय माहीत, वरच्या स्थानकाखालचा जो काळा, म्हणजे सगळ्यात अवघड, उतार, जिथे हे पाहुणे बसून बसून खाली येतात, तिथे तू आणि मी बुटांना लोखंडी काटे बांधून ऑगस्टभर विळा चालवायचो. तू दोन वर्षं आलीस, मी सतरा. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की बसमध्ये मी ड्रायव्हरशी गप्पा मारल्या.

आता आजचं. सकाळी सेव्हरिन आला. तुला तो आठवत नसेल, तू गेलीस तेव्हा जन्मला नव्हता. आता शाळा तो चालवतो. स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "काकू, दोन तारखेचं बोलायला आलो."

"बोल."

"आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलंय. तुम्ही जाकीट मांडीवर घेऊन रोपवेच्या पाळण्यातून खाली या. आम्ही खालून स्कीवर सोबत येऊ. रीत थोडी वाकवली तर काही बिघडत नाही."

मी म्हटलं, "पाळण्यातून का?"

त्याने मान खाली घातली. मुलगा चांगला आहे, लाजला. "काकू, त्यात लपवण्यासारखं काय आहे? गेबहार्टकाका आम्हाला पहिल्यापासून सांगायचे. तुम्हाला भीती वाटते. लग्नानंतर त्यांनी किती समजावलं, पण तुम्ही स्कीवर पायच ठेवला नाहीत. काका म्हणायचे, माझी बुर्गल सगळ्यात खंबीर, फक्त उतार दिसला की तिचे पाय लटपटतात. कुणी तिला चिडवू नका."

माझ्या हातात कणीक होती. मी ती मळत राहिले. म्हटलं, "बघते. कळवते तुला." तो गेल्यावर मी ती कणीक तशीच कचऱ्यात टाकली.

म्हणजे अख्ख्या गावाला माहीत होतं. चाळीस वर्षं मी "रांधायचंय" म्हणायचे आणि लोक समजुतीने हसायचे. बिचारी घाबरते. ओटिली, मी गेबहार्टला तीनदा विचारलं होतं. लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात म्हटलं, मला शिकव. "पुढच्या वर्षी." दुसऱ्या हिवाळ्यात, "पुढच्या वर्षी." शहाऐंशी साली मी हट्टच धरला, तर म्हणाला, "तू पडलीस आणि पाय मोडला तर हे घर कोण चालवणार?" त्यानंतर मी विचारलं नाही. स्वतःहून कुठे जायची माझी हिंमत झाली नाही, हेही खरं. पण उतार बघून माझे पाय लटपटतात हे त्याने कुठून काढलं?

एकच विचारते, आणि खरं सांग. तुलाही त्याने हेच सांगितलं होतं?

वाल्बुर्गा


ओबरमाड, २४ जानेवारी

ओटिली,

तुझं पत्र मिळालं. या वेळी दोन पानं. "हो, पहिल्याच हिवाळ्यात म्हणाला होता. मी विश्वास ठेवला. मला वाटलं तू माझ्यापासून लपवतेस, म्हणून मी कधी विषय काढला नाही."

तू विश्वास ठेवलास. सोळा वर्षं एका अंथरुणात निजलो आपण. पुरात ओढ्यावरच्या ओंडक्यावरून तुला पाठीवर घेऊन मी पलीकडे गेले. काटे घसरून तू त्या उतारावर पडलीस तेव्हा तुझी वेणी धरून कुणी थांबवलं? आणि एक देखणा माणूस म्हणाला, तुझी बहीण भित्री आहे, की तुला पटलं. तुला ते पटवून घेणं सोयीचं होतं. मी वर आले असते तर तुम्हा दोघांत तिसरी झाले असते.

तू लिहितेस, "तुला वाटलं तसं आमच्यात काही नव्हतं." मी विचारलेलं नाही. असो वा नसो. ब्याऐंशीच्या वसंतात मी तुला घरातून जा म्हटलं, ते त्या कारणाने म्हटलं असं तू आजवर धरून बसलीस, आणि मीही तसंच धरून बसले, कारण बायकांनी त्या कारणावरून भांडलं तर लोकांना समजतं. खरं सांगते. तू आमच्या घरी राहायचीस तेव्हा तुम्ही दोघं चारच्या सुमारास वरून यायचात. दोघांचे गाल सारखे लाल, दोघांच्या भुवयांवर सारखा बर्फ, आणि तुम्ही दारातच कशावर तरी हसत असायचात. कशावर ते मला सांगायला गेलात की म्हणायचात, "जाऊ दे, वर असतीस तर कळलं असतं." मी बटाटे सोलत असायचे. मला तुझा हेवा वाटायचा, तो नवऱ्यापायी नव्हता. तुम्ही जिथून येत होतात तिथे मला जायचं होतं.

आणि आणखी एक. तू गेल्यावर पत्र पाठवलंस, बाबांनी केलेल्या स्की पाठवून दे म्हणून. मी लिहिलं, गोठ्यातून चोरीला गेल्या. चोरीबिरी काही नव्हती. मी त्या कुऱ्हाडीनं तोडल्या आणि स्वयंपाकघराच्या चुलीत घातल्या. वाळलेलं लाकूड काय छान जळतं. त्यावर त्या दिवशी बावीस माणसांचं सूप झालं. गेबहार्टने दोनदा वाढून घेतलं.

हे लिहायला मला सदतीस वर्षं लागली. माफी मागत नाहीये, सांगतेय.

फेम्केच्या अकरा शिकवण्या झाल्या. नांगर येतो, वळता येतं, थांबता येतं. बाकी काही येत नाही. काल तिला सगळं खरं सांगितलं, गाव, नाव, जाकीट. ती म्हणाली, "ओबरमाडचा तो उतार तुमच्यासाठी नाही, आजी. एक हिवाळा अजून पाहिजे." मी म्हटलं, हिवाळा नाहीये माझ्याकडे, दहा दिवस आहेत. म्हणाली, "मग नांगर सोडू नका. कुणी काहीही म्हणो, कितीही वेळ लागो."

सेव्हरिनला कळवलंय, मी स्कीवर येणार. तू दोन तारखेला येणार म्हणून लिहिलंयस. बघू.

वाल्बुर्गा


ओबरमाड, ३ फेब्रुवारी

ओटिली,

काल चर्चपाशी गर्दीत तुला शोधलं. नाही आलीस. ठीक आहे, नाही तर नाही. पण तुला वाकड्यातिकड्या बातम्या कुणीतरी देईलच, म्हणून सरळ मीच सांगते.

अकरा वाजता वर होतो. एक्केचाळीस मास्तर, सगळे लाल. जाकीट मला मांड्यांपर्यंत आलं, बाह्या दुमडल्या. अजून त्याच्या तंबाखूचा वास येतो त्याला. सेव्हरिन जवळ आला आणि हळूच म्हणाला, "काकू, अजूनही पाळणा चालू ठेवलाय. कुणी काही म्हणणार नाही."

मी म्हटलं, "मागे उभा राहा."

आणि निघाले. नांगर घालून, ढुंगण मागे काढून, चार वर्षांच्या पोरासारखी. पहिल्या वळणालाच पडले. उठायला वेळ लागला. मागे वळून पाहिलं तर अख्खी रांग थांबलेली. जाकिटाच्या पुढे जायचं नाही ना. मी उठेपर्यंत एक्केचाळीस माणसं उतारावर तिरकी उभी.

मग पुढे. ओटिली, त्या उतारावर नांगराच्या चालीने उतरायचं तर मागच्यालाही नांगरच घालावा लागतो, दुसरा उपाय नाही. ज्यांनी वयाच्या चौथ्या वर्षानंतर अशा उतारावर नांगर घातला नसेल, ते जगभरातून पदकं आणलेले बाप्ये माझ्यामागे टाचा फाकवून, मांड्या थरथरवत येत होते. तिसऱ्या वळणानंतर कुणीतरी कण्हताना मी स्पष्ट ऐकलं. पाळण्यातून जाणारे पाहुणे वाकून बघत होते. त्यांना वाटलं असेल, एवढ्या सगळ्या मास्तरांना एक म्हातारी शिकवायला निघालीय.

मी अकरा वेळा पडले. पाळण्याच्या चौथ्या खांबाखाली, जिथे तुझी वेणी धरली होती, तिथे नाही पडले. तिथून खाली चर्चचा मनोरा दिसतो आणि त्याच्या शेजारी माझ्या स्वयंपाकघराची खिडकी. इतकी लहान दिसते. मी तिथे थांबले, दम खायला म्हणून, आणि बघत राहिले. वर गेलं की काय दिसतं ते त्रेसष्टाव्या वर्षी बघितलं. छान आहे. तुम्ही दोघांनी ते रोज बघितलं आणि खाली येऊन मला सूप मागितलंत.

ज्या वाटेला अफ्राला सहा मिनिटं लागली, तिला मला एक तास वीस मिनिटं लागली. खाली बँडवाल्यांचे ओठ निळे पडले होते, एकाची तुतारी गोठून वाजेना. पाद्रीबुवा पाय आपटत उभे. सगळं गाव होतं. अफ्रा काठी टेकत पुढे आली, माझा हात धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "शाब्बास गं. गेबहार्ट म्हणायचा, तू घाबरतेस."

मी म्हटलं, "तो खोटं बोलायचा."

मोठ्यांदा म्हटलं. शेवटच्या ओळीतल्याला ऐकू गेलं असेल. मेलेल्या नवऱ्याबद्दल, त्याच्याच जाकिटात उभं राहून, चर्चच्या दारात. पाद्रीबुवांनी घाईघाईने पवित्र पाणी शिंपडलं. मागे सेव्हरिन वाकून मांड्या चोळत होता, त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, आणि मग टोपी काढली. त्यानंतर इतरांनीही काढल्या. त्या टोप्या गेबहार्टसाठी होत्या की माझ्यासाठी, मी विचारलं नाही.

रीतीप्रमाणे जाकीट शाळेच्या भिंतीवर टांगायचं असतं. खिळा ठोकून ठेवला होता, त्याच्या नावाची पाटीही तयार होती. मी दिलं नाही. म्हटलं, मला लागतंय. सोमवारी लाउटरबाखला पुढची शिकवणी आहे, फेम्के नांगर सोडायला शिकवणार आहे, आणि माझ्याकडे दुसरं गरम जाकीट नाही.

चाळीस वर्षांत त्याने मला एक गोष्ट शिकवली नाही आणि तू मला एकदा विचारलं नाहीस. तुला मी ते माफ करेन असं वाटत नाही. तुझ्या स्की मी जाळल्या, तेही तू माफ करू नकोस. तेवढं बरोबरीचं राहू दे.

एप्रिलच्या मध्यापर्यंत बर्फ आहे. यायचं तर स्की घेऊन ये. मागून यावं लागेल, मी सावकाश उतरते. आणि येताना रस्त्यात काहीतरी खाऊन ये. मी काही रांधणार नाहीये.

तुझी थोरली बहीण,
बुर्गल